फाटकावर कोण?

कांदळगाव, ता. मालवण
१२ ऑक्टोबर १९५९

चि. सत्यवान भावजींस सुगंधावहिनीचे अनेक आशीर्वाद.

चतुर्थीला तुम्ही आला नाहीत, पत्रही नाही. म्हणून मीच लिहिते, आणि कामापुरतंच लिहिते. तुम्ही रेल्वेच्या सिग्नलांच्या गोदामात कारकून आहात, म्हणजे माझ्या शंकेला उत्तर देणारा घरातलाच माणूस. शंका अशी की सिग्नलच्या दिव्याची हिरवी काच हातात घेतली की निळी का दिसते? सतरा नंबरच्या फाटकावर मी ती काच बारा वर्षं पुसली, पण कोणाला विचारावं असं सुचलं नाही. आता वहीत लिहायला बसले तेव्हा अडलं.

कसली वही, ते गावातून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच सांगते, म्हणजे काय हसायचं ते एकदाच हसून घ्या. तुमचे दादा गेले आणि मी फाटक सोडून इथं आले, त्याला चार वर्षं झाली. तेवढ्यात तिकडे जुने सिग्नल उतरवून विजेचे दिवे बसवायला लागले असं ऐकलं. घासलेटचे दिवे भंगारात, लाकडी फाटकं चुलीत. मला ते बरं वाटलं नाही. म्हणून मी एकेका फाटकाचा सिग्नल वहीत उतरवून ठेवते आहे. खांब केवढा, त्यावरचा वरखाली हलणारा हात केवढा, दिवा किती घासलेट पितो, तार कुठून कुठे जाते, घंटा आहे की नाही, सगळं.

आता तुम्ही म्हणाल, मालवण तालुक्यात रूळ औषधाला नाही, तिथं ही सिग्नल बघते कुठे? भिकाजी पोस्टमनही हेच म्हणतो. परवा दारात उभा राहून म्हणाला, "गो सुगंधा, हंय रूळ खंय आसत? सिग्नल कोणाक दाखवतलंस, दर्यातल्या बांगड्यांक?" मी म्हटलं, "तुका दाखवतंय. लाल. आता थंयच रव."

पण रूळ नसले म्हणून काय झालं, रुळांवर राबणारे निम्मे तर आपल्याच भागातले. चतुर्थीला फाटकवाल्यांच्या बायका गावी येतात. मी त्यांना सारवलेल्या पडवीत बसवते, रांगोळीची वाटी पुढे सारते आणि म्हणते, काढ तुझा सिग्नल. पेन्सिल धरायला लाजतात, पण रांगोळीत सगळं चोख काढतात. लालला त्यांच्याच करंड्यातलं कुंकू, हिरव्याला टाकळ्याचा पाला. ते मी वहीत उतरवते. यंदा नऊ फाटकं मिळाली. एकूण एक्केचाळीस झाली.

काचेचं तेवढं कळवा.

तुमची वहिनी,
सुगंधा


परळ, मुंबई
२८ ऑक्टोबर १९५९

गं. भा. सुगंधावहिनीस सत्यवानाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पावलं. चतुर्थीला रजा मिळाली नाही. सौ. सुशीलेनेही नमस्कार सांगितला आहे.

काच निळसरच असते. घासलेटची ज्योत पिवळी, तिच्यापुढे निळी काच धरली की लांबून हिरवी दिसते. गंमत अशी की मलाही हे ठाऊक नव्हतं. आमच्या नव्या साहेबांना विचारायला गेलो. 'कोणाला हवंय?' असं त्यांनी विचारलं तेव्हा तुमच्या वहीचं सांगावं लागलं. हसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी मला खुर्ची दिली. नऊ वर्षांच्या नोकरीत प्रथमच साहेबासमोर बसलो.

येत्या एप्रिलात आमचं कार्यालय जुन्या सिग्नलांचं प्रदर्शन भरवणार आहे. जुने नकाशे वाळवीने खाल्ले. साहेबांना तुमची वही हवी आहे.

वहिनी, खरं सांगू? तुमच्या वयाच्या बायका जप करतात, पोथी वाचतात. मला आधी हा छंद ऐकून ओशाळल्यासारखं झालं होतं. पण साहेबांनाच आवडला म्हटल्यावर माझं काही म्हणणं नाही. वही लवकर पाठवा.

आपला नम्र,
सत्यवान


कांदळगाव
९ नोव्हेंबर १९५९

चि. सत्यवान भावजींस आशीर्वाद.

शेजारचा महादू बोटीने मुंबईस येतो आहे, त्याच्याबरोबर वही पाठवते. मेणकापडात बांधली आहे. पडावातून बोटीवर चढताना सगळ्यांच्या पिशव्या भिजतात, म्हणून त्याला डोक्यावर धरायला सांगितलं आहे.

दोन अटी आहेत. चतुर्थीच्या आत वही परत हवी. आणि तिच्यात कोणी काही लिहायचं नाही.

काचेचं उत्तर आवडलं. दिवाळीला गावी आलेल्या फाटकावरच्या नर्मदेला सांगितलं तर म्हणते, म्हणजे आम्ही इतकी वर्सां निळ्याक हिरवा म्हणत होतंव!

पाकिटावर ते गं. भा. लिहू नका. भिकाजी ते मोठ्याने वाचत पाणंदीतून दारापर्यंत येतो. सुगंधा परब एवढंच लिहा, पत्र पोचतं. आणि जपाचं म्हणाल तर तुम्हीच करा, तुमचाही चष्मा लागलाच आहे.

सुगंधा


परळ, मुंबई
१७ जानेवारी १९६०

ती. सुगंधावहिनीस सत्यवानाचा नमस्कार.

आनंदाची बातमी आहे. प्रदर्शनात दाराशीच काचेच्या पेटीत तुमची वही ठेवायची असं ठरलं. साहेबांनी सगळी पानं पाहिली. घासलेटच्या मापांवर तर ते खूश झाले, अशी माहिती कार्यालयातही नाही म्हणाले.

चुका होत्या, पण त्या मी निस्तरतो आहे, काळजी नसावी.

पहिली चूक चित्रांची. सिग्नलचा हात खांबाच्या डावीकडे असतो आणि लाल असतो, त्यावर पांढरा पट्टा. तुमच्या एक्केचाळीसही चित्रांत हात उजवीकडे, पांढरा, आणि त्यावर काळा पट्टा! अशिक्षित बायकांकडून काढून घेतल्यावर असं व्हायचंच. आमचा ड्राफ्ट्समन सगळी चित्रं सुलटी करून देणार आहे.

दुसरी चूक शेवटच्या रकान्यात. 'फाटकावर कोण' असं लिहून खाली सगळीकडे बायकांची नावं! नर्मदा, सीता, रुक्मिणी. साहेब पोट धरून हसले. मी कार्यालयाच्या यादीवरून पुरुषांची नावं काढली आणि कागदाच्या पट्ट्यांवर लिहून त्या जागी चिकटवली. वहीत काही लिहायचं नाही ही तुमची अट पाळली आहे.

पहिल्या पानावर चिठ्ठी लागेल: 'कै. गंगाराम परब, फाटकवाले, यांची वही.' शेजारी दादाला गाडी थांबवल्याबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र. ते माझ्या खोलीत टांगलेलं आहे, तेच देणार. दादाचं नाव मुंबईत चारचौघांत लागेल. तुम्हाला नक्की भरून येईल.

आपला,
सत्यवान


कांदळगाव
२५ जानेवारी १९६०

सत्यवान भावजी,

आशीर्वाद शेवटी देईन, द्यावासा वाटला तर.

भरून आलं नाही. राग आला. पत्र वाचून विळी घेऊन बसले आणि घरात होते तेवढे सगळे नारळ खवले. आता डोकं जरा ताळ्यावर आलं आहे.

आधी चित्रांचं. लाल हात डावीकडे दिसतो तो इंजिनातून येणाऱ्याला. फाटकाचा सिग्नल फाटकाच्या पुढे लांब उभा असतो आणि त्याचं तोंड गाडीकडे असतं. फाटकात उभ्या असणाऱ्याला त्याची पाठ दिसते. पाठीमागून हात उजवीकडे, पांढरा, वर काळा पट्टा. आणि दिव्याच्या पाठीला एक बारीक भोक असतं, त्यातून पांढरा ठिपका दिसतो. आम्ही त्याला टिकली म्हणायचो. टिकली दिसली की पुढे लाल आहे, गाडी थांबेल. टिकली झाकली की पुढे हिरवं आहे, गाडी येणार. आमच्या एक्केचाळीस जणींपैकी इंजिनात कोण बसली होती? जिने जिथून पाहिलं तिथून काढलं. तुमच्या ड्राफ्ट्समनला म्हणावं, हात लावशील तर याद राख.

आता नावांचं. साहेब हसले त्यात मी त्यांना दोष देत नाही, पहिल्यांदा मीही हसले. मी नर्मदेला विचारलं, "फाटकार कोण आसता?" ती म्हणाली, "मी." मला वाटलं, नवऱ्याचं नाव कसं घेणार बिचारी, म्हणून स्वतःचं सांगितलं. सीतेनेही तसंच केलं. म्हटलं असू दे, चालीरीत आहे, नंतर कोणा पुरुषाला विचारून नावं बदलू. पण तिसरीला मी खोदून विचारलं. दिवो कोण लायता? "मी." तार कोण ओढता? "मीच. ते दिसाची डूटी करून आडवे पडतत." मग मी परत नर्मदेकडे गेले. तिच्या दत्तारामला दिवस बुडाला की दिसत नाही. वीस वर्षं तो दिवा तिने लावला. एकेक करून सगळ्यांना विचारलं, भावजी. एकीनेही चुकीचं नाव दिलं नव्हतं. लाजेने म्हणा, रीतीने म्हणा, त्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

आणि सतरा नंबर. त्यावर तुम्ही कुठलं नाव चिकटवलंत ते विचारत नाही.

तुम्हाला ठाऊक आहे ते पुन्हा लिहिते, कारण तुम्ही विसरल्यासारखं दाखवता आहात. एकोणपन्नास साल, दसऱ्याच्या नंतरची संध्याकाळ. तुमचे दादा तीन दिवस तापाने ग्लानीत. भाताच्या पोत्यांच्या बैलगाडीचा कणा नेमका रुळावर मोडला. मी सिग्नल लाल करायला दांडा ओढला, पण टिकली दिसेना. तार कुठेतरी अडकली होती, हात खाली तो खालीच, म्हणजे पुढे हिरवंच. पुढून बघणाऱ्याला कळलं नसतं, मला पाठीमागून कळलं. तुम्हाला स्टेशनात पिटाळलं आणि हातदिव्याची लाल काच फिरवून मी रुळावरून गाडीच्या दिशेने धावले. चप्पल कुठे पडली आठवत नाही. गाडी माझ्यापासून वीस हातांवर थांबली. दुसऱ्या दिवशी माझ्या तळव्यांत रुतलेली खडी सुईने कोणी काढली? तुम्ही काढलीत. रडत होतात.

इन्स्पेक्टर आला तेव्हा तुमच्या दादांनी माझंच नाव सांगितलं होतं. तो म्हणाला, बायको ड्यूटीवर होती असं लिहिलं तर बक्षीस राहू दे, नोकरी जाईल. म्हणून त्यांचं नाव लागलं. बक्षिसाचं घड्याळ त्यांनी मरेपर्यंत हाताला बांधलं नाही. ते खरे माणूस होते. त्यांच्या नावाने खोटी चिठ्ठी लावू नका.

पट्ट्या काढा, नाहीतर वही परत करा.

आशीर्वाद आहेतच, ते काही माझ्या हातात नाही.

सुगंधा


परळ, मुंबई
२२ फेब्रुवारी १९६०

ती. वहिनीस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहून फाडलं.

तुम्ही लिहिलंत ते मी नाकारत नाही. पण वहिनी, हे कागदावर कोणासमोर बोलू नका. पन्नास साली मला नोकरीला चिकटवलं ते 'शूर फाटकवाल्याचा धाकटा भाऊ' म्हणून. माझ्या अर्जावर तेच लिहिलं आहे. दादाचं ते खोटं म्हटलं तर माझी नेमणूकही खोटी. माझी दोन मुलं शाळेत आहेत. सुशीलेला यातलं काही माहीत नाही.

माझं सोडा. दत्ताराम अजून नोकरीत आहे. सीतेचा नवरा आहे. बायका दिवे लावत होत्या असं वर गेलं तर त्यांना काढून टाकतील. तुमच्या हट्टापायी त्यांच्या चुली विझवायच्या का? दादा गेले, गोष्ट संपली. आता एका ओळीने तुम्हाला काय मिळणार आहे? तुम्हाला एवढा मोठेपणा हवा होता हे मला कधी कळलं नव्हतं.

हात जोडतो.

सत्यवान


कांदळगाव
२१ मार्च १९६०

चि. सत्यवान भावजींस आशीर्वाद.

चुलींचं तुम्ही लिहिलंत ते मला लागलं, कारण त्यात तथ्य आहे. त्याचा विचार मी आधी केला नव्हता ही माझी चूक. म्हणून शिमग्यापर्यंत गप्प बसले. शिमग्याला दहा जणी गावी आल्या, त्यांना पडवीत बसवलं आणि तुमचं पत्र वाचून दाखवलं. सगळं, मोठेपणाचं वाक्यसुद्धा.

सीता म्हणाली, "माझा नाव नको गो. ह्यांच्या नोकरीची अजून सात वर्सां जावची आसत." बरं म्हटलं. तिच्या नावावरची पट्टी राहू द्या. ज्यांना अजून विचारता आलं नाही त्यांच्याही राहू द्या, चतुर्थीला विचारीन. ज्या बाईचं नाव झाकायचं ते तिच्या सांगण्यावरून झाकलं जाईल, तुमच्या किंवा साहेबांच्या सोयीने नाही.

नर्मदेबरोबर दत्तारामही आला होता. तो खांबाला टेकून म्हणाला, "मे म्हयन्यात माझी नोकरी सुटता. तवसर रवा, मगे खुशाल लिवा." नर्मदा त्याच्यावर अशी उखडली! "वीस वर्सां लायलंय, आता दोन म्हयने कित्याक लपवू?" शेवटी दोघांचं मे महिन्यावर जमलं. बाकी आठ जणींचे नवरे एकतर घरी बसले आहेत नाहीतर देवाघरी. त्या आठही जणी लिहा म्हणाल्या. रुक्मिणीने तर नाव वाचता येत नसताना मला तीनदा वाचायला लावलं.

आता अकरावी मी. तुम्ही विचारलंत, एका ओळीने मला काय मिळणार. भावजी, मी घड्याळ मागत नाही, पेन्शन मागत नाही. बक्षीस वाटलं त्या दिवशी मंडपात शेवटी उभी होते, हातात पाहुण्यांच्या पाण्याचा तांब्या. साहेबाने विचारलं, "ये कौन?" इन्स्पेक्टर म्हणाला, "कोई नहीं, घरवाली." दहा वर्षं झाली, मला अजून ते ऐकू येतं. फाटकावर कोणी नव्हतं तर गाडी थांबली कशी? याला मोठेपणा म्हणायचं असेल तर म्हणा, मला तो हवा आहे. ओरडून हवा आहे.

तुमच्या नोकरीची मला पर्वा नाही असं समजू नका. तुम्हाला मी आठव्या वर्षापासून जेवू घातलं आहे. पण तुमच्या पोटासाठी मी दहा वर्षं तोंड मिटून राहिले, आणि तुम्ही आता माझी वहीही दादांच्या नावावर लावायला निघालात. सतरा नंबरची पट्टी काढा. काढणार नसाल तर वही महादूच्या हाती द्या, तो शनिवारी इथून निघतो. प्रदर्शन माझ्या वहीवाचून होऊ दे.

सुगंधा


परळ, मुंबई
४ एप्रिल १९६०

ती. सुगंधावहिनीस सत्यवानाचा शिरसाष्टांग नमस्कार.

महादू आला होता. त्याला वही दिली नाही. रागावू नका, पुढे वाचा.

वही घरी आणली होती, त्याच्या हाती द्यायलाच. ओल्या फडक्याने सतरा नंबरची पट्टी सोडवत होतो. सुशीला भाकऱ्या टाकत होती. तिने वाकून पाहिलं आणि विचारलं, "इथं वहिनींचं नाव का?" मी काहीतरी थाप मारणार होतो. पण मला तुमचे तळवे आठवले. सगळं सांगितलं. ती उठली, भिंतीवरचं प्रशस्तिपत्र उतरवलं आणि पालथं करून कपाटावर ठेवलं. मग म्हणाली, "मुलांना मी काय सांगत होते इतकी वर्षं!" त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

वहिनी, मी तुमच्याविषयी मोठेपणाचं लिहिलं ते मागे घेतो. मला भीती होती, आणि भीती आहे असं म्हणायची लाज होती.

तुमची आणि त्या आठ जणींची, अशा नऊ पट्ट्या काढल्या. चित्रांना ड्राफ्ट्समनने हात लावलेला नाही. त्याला तुमचं टिकलीचं सांगितलं तर तो यार्डात जाऊन सिग्नलच्या मागे उभा राहून आला आणि म्हणाला, बाई बरोबर आहे. साहेबांनाही त्याने सांगितलं. नावांचं मात्र साहेब लेखी मागतात. लेखी दिलं की माझ्या नेमणुकीची फाइल उघडणार. देणार आहे. अर्जाचा मराठी मसुदा खाली उतरवला आहे. इंग्रजी करून सोमवारी, अठरा तारखेला देईन. त्याआधी तुम्ही पाहावा.

"मा. साहेबांचे सेवेसी. अर्जदार सत्यवान परब, कारकून, विनंतीपूर्वक लिहितो की, सन १९४९ मध्ये फाटक क्र. १७ येथे गाडी थांबवून अपघात टाळल्याबद्दल अर्जदाराचे बंधू कै. गंगाराम परब यांस गौरविण्यात आले. त्या समयी बंधू तापाने अंथरुणावर होते. त्यांच्या पत्नी श्रीमती सुगंधा परब यांनी गाडी थांबविण्याच्या कामी मोलाची मदत केली. अर्जदाराने ही गोष्ट ठाऊक असूनही आपल्या नेमणुकीच्या वेळी उघड केली नाही, याबद्दल जो निर्णय होईल तो मान्य आहे. सबब, वहीतील नोंद मूळ आहे तशीच ठेवावी, ही विनंती."

तुम्हाला समाधान वाटलं तर तसं कळवा.

आपला,
सत्यवान


कांदळगाव
११ एप्रिल १९६०

चि. सत्यवान भावजींस अनेक उत्तम आशीर्वाद. सौ. सुशीलेस आणि मुलांस आशीर्वाद.

पत्र वाचून रडले. तुमच्यासाठीच रडले. एवढं लिहायला किती जड गेलं असेल ते मला समजतं. सुशीलेला म्हणावं, आता पुरे, भावजींशी नीट बोल.

नोकरी गेली तर घाबरू नका. इथं घर आहे, दोन कुणगे भाताचे आहेत, माझा हात धड आहे. मुलं इथल्या शाळेत जातील. मी उपाशी ठेवणार नाही, पूर्वीही ठेवलं नव्हतं.

पण अर्ज असा देऊ नका. मी तो तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा एकाच जागी थांबले. 'मोलाची मदत केली.' कोणाला केली, भावजी? तुमचे दादा अंथरुणात होते, त्यांना गाडी आली हेही ठाऊक नव्हतं. तुम्ही स्टेशनाच्या वाटेवर होता. गाडीवान बैल सोडून शेतात पळाला होता. रुळावर मी होते आणि समोर गाडी होती. मदत केली नाही. थांबवली.

ते वाक्य दुरुस्त करा आणि मग अर्ज द्या.

सुगंधा